किडनीच्या पेशंटला पुडी देऊ नका, जरा चालवा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या आरोग्याच्या पानावर व्यायाम आणि व्हिटॅमिन डी वर अधूनमधून येत असतं, चांगलंच असतं, पण ते धडधाकट माणसांसाठी असतं. ज्यांच्या घरात किडनीचा पेशंट आहे ते पण तेच वाचतात आणि तेच करायला जातात, म्हणून हे पत्र.

आमचे मामंजी डायलिसिसवर आहेत. बघायला येणारं प्रत्येक माणूस दोन गोष्टी सांगून जातं. एक, "आता काय करू नका, गप पडून ऱ्हावा." आणि दुसरी, "डी कमी असणार बघा, मेडिकलमधनं ती पुडी आणा आणि दुधातनं द्या."

आधी पुडीचं. तिच्यावर ६०,००० युनिट लिहिलेलं असतं. मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट पुरतात असं आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था सांगते, म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा कोटा झाला की! डॉक्टर रिपोर्ट बघून आठवड्याला एक अशी काही आठवडे देतात आणि बंद करतात, पण आपल्याकडं बंद कोण करतंय, संपली की परत आणायची, बरेच मेडिकलवाले चिठ्ठी पण मागत नाहीत. हे व्हिटॅमिन लघवीतनं निघून जाणारं नव्हे, चरबीत साठून बसतं. अती झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, मग मळमळ, सारखी तहान, पोट साफ न होणं, गुंगल्यासारखं होणं, आणि उरलीसुरली किडनी असेल तर ती पण त्यात बिघडते.

किडनीवाल्याची भानगडच वेगळी आहे. उन्हातनं मिळू दे नाहीतर पुडीतनं, डी आधी लिव्हरमधनं जातं आणि शेवटचा हात किडनी फिरवते तेव्हा कुठं ते नीट कामाला येतं. किडनीच थकली तर नुसता कच्चा माल वाढवून काय होणार? वर फॉस्फरस अंगात साठतो, मग गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच हार्मोन जास्त सोडतात आणि ते हाडातलं कॅल्शियम ओढून काढतं. म्हणून डॉक्टर एकट्या डीचा आकडा बघत नाहीत, कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच सगळं बघून ठरवतात, काहींना तयार झालेलं डी म्हणजे कॅल्सिट्रायॉल देतात, ते ०.२५ मायक्रोग्रॅम इतकं बारीक मापाचं असतं. डीमुळं पोटातनं फॉस्फरस पण जास्त ओढला जातो, आणि आपण देतो दुधातनं, वर पाहुणे बेळगावचा कुंदा घेऊन येतात. कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच की हो, फॉस्फरसचा नुसता साठा. पाहुण्यांना हे तोंडावर कसं सांगायचं तेही एक कोडंच.

डी घेतलं की किडनी सुधारते असं पण लोक म्हणतात. अमेरिकेत टाइप २ डायबिटीसच्या १,३१२ लोकांवर पाच वर्षं बघितलं, काहींना रोज २,००० युनिट आणि काहींना खोटी गोळी, २०१९ ला निकाल आला आणि किडनीच्या कामात दोन्हीकडं फरक दिसला नाही. उन्हात मात्र खुशाल बसा, उन्हानं डीचा ओव्हरडोस होत नाही. फक्त सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात डी फारसं बनत नाही, दहानंतरचं ऊन लागतं, आणि जून ते सप्टेंबर आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात ते दिसलं तर नशीब.

आता गप पडून राहायचं. या दुखण्यात अंगातलं मांस झिजतं, पडून राहिलं की अजून झिजतं, आणि किडनीच्या पेशंटला धोका हार्टचाच जास्त. केडीआयजीओ या जगभरच्या किडनी डॉक्टरांच्या संस्थेनं २०२४ मध्ये आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा झेपेल तेवढा असं लिहिलंय. इटलीत डायलिसिसच्या पेशंटना घरीच ठरवून चालायला लावलं, सहा महिन्यांत सहा मिनिटांत चालून होणारं अंतर सरासरी ३२८ मीटरवरून ३६७ मीटरवर गेलं, आणि जे नेहमीसारखेच राहिले ते होते तिथंच राहिले.

मामंजी म्हणतात जन्मभर भाताच्या शेतात राबलो, आता व्यायाम कसला. तरी डायलिसिस नसलेल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात, खुर्चीवरनं हात न टेकता उठबस करतात, पाचव्या वेळी गुडघा कुरकुरतो आणि सगळ्यांना शिव्या बसतात. डायलिसिसच्या सुईसाठी हातातली धमनी आणि शीर जोडतात तो फिस्टुला केला तेव्हा त्या हातात रबरी बॉल दाबायला दिला होता, तो अजून उशाशी असतो, मात्र त्या हातानं जड उचलायचं नाही आणि बीपी पण मोजू द्यायचं नाही. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली तर तिथंच थांबायचं. आणि अंग दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी गोळी मनानं घ्यायची नाही, किडनीला ती लागते. जिमला जाणाऱ्या पोरांनी आणून दिलेली प्रोटीन पावडर पण डॉक्टरना न विचारता नको.

डायलिसिसला पेशंट चार तास बेडवर पडूनच असतात, त्यातल्या पहिल्या दोन तासांत झोपल्या झोपल्या पेडल मारता येतं, परदेशात बऱ्याच ठिकाणी करून घेतात. आपल्या तालुक्याच्या सरकारी डायलिसिस सेंटरमध्ये असे दोन पेडल ठेवले आणि आठवड्यातनं एकदा फिजिओथेरपिस्ट पाठवला तर किती खर्च येणार आहे? आणि भिंतीवर कन्नडबरोबर मराठीत पण एक बोर्ड लावा, डीची पुडी आणि अंगदुखीची गोळी डॉक्टरना विचारल्याशिवाय घेऊ नका म्हणून. आरोग्य खात्यानं एवढं तरी मनावर घ्यावं, आणि तुम्ही पण एखाद्या रविवारी किडनीच्या डॉक्टरकडनं यावर लिहून घ्यावं ही विनंती.

– एक वाचक, येळ्ळूर, ता. बेळगाव