रूपांतर कानांनीही तपासावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गाजलेल्या पुस्तकावरून चित्रपट निघाला की त्यात काय काय गाळले याची यादी करणे हा चाहत्यांचा आवडता उद्योग असतो. बडोद्यातील मराठी घरांतली तरुण मंडळीही ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आणि ‘हॅरी पॉटर’ यांवर तावातावाने भांडतात, आणि हॅरी पॉटरची नवी मालिका तयार होत असल्यामुळे या भांडणांना पुन्हा ऊत आला आहे. पहिल्यातला रानातला गूढ, गाणारा टॉम बॉम्बाडिल का वगळला, दुसऱ्यातला खोडकर भुताटकीचा पीव्ह्ज कुठे गेला, हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु या सगळ्या वादात संगीताच्या वाट्याला जेमतेम अर्धे वाक्य येते, आणि आपल्या वृत्तपत्रांतील परीक्षणेही ‘पार्श्वसंगीत प्रसंगांना साजेसे आहे’ एवढ्यावर त्याची बोळवण करतात, म्हणून हे पत्र.

टॉल्किन यांची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तिच्यात साठांहून अधिक पद्ये आहेत; पात्रे चालताना गातात, शोक करताना गातात, अंघोळीच्या वेळीसुद्धा गातात. पीटर जॅक्सन यांच्या २००१ ते २००३ मधील तीन चित्रपटांत यांतील बहुतेक पद्ये नाहीत, आणि चाहत्यांच्या यादीत हीही वजाबाकी नोंदलेली असते. पण जी उरली त्यांचे काय केले, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. तिसऱ्या चित्रपटात गोंडोर राज्याचा कारभारी डेनेथॉर आपल्या मुलाला निश्चित मरणाच्या मोहिमेवर धाडतो, स्वतः जेवायला बसतो आणि पिपिन या हॉबिटला, म्हणजे बुटक्या लोकांच्या जमातीतल्या तरुणाला, गायला सांगतो. मूळ पुस्तकात डेनेथॉर पिपिनला गाता येते का एवढे विचारतो, मात्र प्रत्यक्ष गाणे होत नाही. चित्रपटात पिपिन जे गातो त्याचे शब्द पहिल्या खंडातील एका प्रवासगीतातून घेतलेले आहेत. तिथे तीन हॉबिट संध्याकाळी रमतगमत चालताना ते गातात, आणि त्याच्या अखेरीस ते घराकडे, दिव्याकडे, शेगडीकडे आणि जेवणाकडे वळतात. चित्रपटकर्त्यांनी परतीच्या या ओळी काढून टाकल्या, घर मागे राहिल्याच्या आणि सावल्या दाटत गेल्याच्या ओळी तेवढ्या ठेवल्या, आणि पिपिनची भूमिका करणाऱ्या बिली बॉइड यांनी स्वतःच त्यांना चाल लावली. तेच शब्द, पण परतण्याची आशा वजा केलेली, आणि ऐकणारा समोर बसून जेवतो आहे! पुस्तकाशी इमान राखण्याचा याहून चांगला नमुना मला तरी त्या तिन्ही चित्रपटांत आढळत नाही, आणि विरोधाभास असा की यादी करणारे त्याची नोंद ‘मूळ पुस्तकात नसलेला प्रसंग’ अशी करतात.

हॉवर्ड शोर यांनी तिन्ही चित्रपटांना एकहाती संगीत दिले, त्यामुळे त्यांना लांब पल्ल्याची मांडणी करता आली. गोंडोरची धून पहिल्या चित्रपटात डेनेथॉरचा थोरला मुलगा बोरोमीर बोलत असताना ओझरती कानावर पडते आणि तिसऱ्यात ती पूर्ण वैभवाने उभी राहते. घोडेस्वारांच्या रोहन राज्यासाठी त्यांनी नॉर्वेतील हार्डांगर हे व्हायोलिनसारखे वाद्य निवडले. त्याला मुख्य तारांखाली सारंगीप्रमाणे तरफेच्या, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या, तारा असतात, हे आपल्याकडच्या श्रोत्यांना विशेष वाटावे. आयझेनगार्ड या शत्रुपक्षाच्या किल्ल्यासाठी वाजणाऱ्या धातूच्या ठोक्यांची लय पाच मात्रांची आहे. पाच-पाच मात्रांत विभागणाऱ्या झपतालावर वाढलेल्या आपल्या कानांना ती अवघड वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

अर्थात संगीत सगळीच उणीव भरून काढत नाही. पुस्तकाच्या शेवटी हॉबिट घरी परततात तेव्हा त्यांचा शायर नावाचा प्रदेश उद्ध्वस्त झालेला असतो आणि त्यांना तिथेही लढावे लागते. चित्रपटाने हा भाग गाळला. शायरची धून अखेरीस परत येते खरी, पण ज्या घरासाठी ती वाजते त्याला ओरखडाही उठलेला नाही. ही हानी मात्र चाहत्यांनी कितीही वेळा सांगितली तरी कमीच आहे.

हॅरी पॉटरच्या आठ चित्रपटांना चार संगीतकार लाभले. जॉन विल्यम्स पहिल्या तीन चित्रपटांनंतर नव्हते, आणि पुढे पॅट्रिक डॉयल, निकोलस हूपर व अलेक्झांडर देस्प्ला आले. हॅरीच्या हेडविग या घुबडाच्या नावाची धून मधूनमधून भेटत राहिली, पण शोर यांच्यासारखी सलग वीण येथे शक्य नव्हती. सुरुवातीचे व शेवटचे चित्रपट एकाच जगातले वाटत नाहीत, या तक्रारीमागे दिग्दर्शक बदलल्याइतकेच हेही कारण असावे.

आपल्याला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. १९६७ चे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक २०१५ मध्ये पडद्यावर आले तेव्हा अभिषेकीबुवांच्या पदांशेजारी शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी बसली, आणि ती शोभतात की नाही यावर मराठी घराघरांत चर्चा झाली. त्या वेळी कोणीही संगीताला अर्ध्या वाक्यात गुंडाळले नव्हते. मग इंग्रजी चित्रपट आला की आपले कान का मिटतात?

ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गायक मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा सोपवली, तिथे सूर-लय जाणणाऱ्यांचा तोटा नाही. माझी विनंती एवढीच की, हॅरी पॉटरच्या नव्या मालिकेचे परीक्षण छापताना आपण अशा एखाद्या जाणकाराकडून तिच्या संगीतावर स्वतंत्र स्तंभ लिहवून घ्यावा, आणि त्यासाठी निदान पहिले दोन-तीन भाग होईपर्यंत थांबावे, कारण पहिल्या भागात पेरलेली धून पुढे कुठे उगवते हे तोवर कळणार नाही.

आपला नियमित वाचक,
दांडिया बाजार, बडोदे