कॅलेंडर आणि टुडूइस्ट जोडून देणाऱ्या ताईंना आभाराचं पत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

गूगल कॅलेंडरमधल्या नोंदी टुडूइस्ट या कामांची यादी ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये टास्क म्हणून आपोआप याव्यात, ही सोय तुम्ही आमच्या गटाला झॅपिअर या अ‍ॅप्स एकमेकांना जोडणाऱ्या सेवेवर बसवून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण अशी जोडणी करायला बसलेल्या कुणालाही तुमच्या रचनेचा उपयोग होईल. नवी नोंद आली की टास्क तयार करणारा दोन पायऱ्यांचा झॅप (झॅपिअरवरची आपोआप चालणारी साखळी) कुणीही बघता बघता उभा करतो. पण ती नोंद पुढे ढकलली, तिचं शीर्षक बदललं किंवा ती रद्दच झाली, तर आधी तयार झालेल्या टास्कचं काय करायचं? तुम्ही कामाला सुरुवातच या प्रश्नापासून केलीत, आणि सगळ्यात जास्त आभार त्याचेच.

त्यासाठी तुम्ही मांडलेली गूगल शीट हा या जोडणीचा कणा आहे. रकाने पाचच: इव्हेंट आयडी, टास्क आयडी, शीर्षक, सुरुवात, स्थिती. कॅलेंडरमधल्या प्रत्येक नोंदीला स्वतःचा आयडी असतो आणि नोंदीत काहीही बदललं तरी तो तोच राहतो. शीर्षकाचं तसं नाही. ते बदलतं आणि एकाच नावाच्या दहा नोंदीही असू शकतात. म्हणून टास्क शोधायचं ते आयडीवरूनच, हा तुमचा आग्रह अगदी योग्य होता. पाचही रकाने आधीच ‘साधा मजकूर’ या स्वरूपात ठेवायला सांगितलंत, तेही महत्त्वाचं. नाहीतर नुसती तारीख दिसली की शीट तिचं स्वरूप बदलून टाकते, आणि मग कॅलेंडरकडून आलेली तारीख व शीटमधली तारीख एकच असूनही जुळत नाहीत. रकान्यांची नावं आणि क्रम मात्र पुढे बदलायचा नाही, कारण झॅप त्यावरच टेकलेला असतो.

मुख्य झॅपचा ट्रिगर, म्हणजे तो सुरू करणारी घटना, तुम्ही ‘न्यू ऑर अपडेटेड इव्हेंट’ (नवी किंवा बदललेली नोंद) हा घेतलात. पुढची पायरी शीटमध्ये इव्हेंट आयडी शोधण्याची. तिथून पाथ्स, म्हणजे अटीनुसार वाट निवडणारी पायरी, वापरून दोन वाटा फुटतात. ओळ सापडली नाही तर टास्क तयार करायचं आणि मिळालेला टास्क आयडी शीटमध्ये लिहायचा. ओळ सापडली तर आधी शीर्षक आणि सुरुवात ताडून बघायची. दोन्ही तेच असेल तर तिथेच थांबायचं. काही बदललं असेल तरच टास्क अपडेट करायचं आणि शीटमधली ओळही ताजी करायची. ही ताडून बघायची पायरी पुष्कळ जण गाळतात. पण नोंदीचं वर्णन बदललं किंवा बोलावलेल्यांपैकी कुणी ‘येतो’ असं कळवलं, तरी कॅलेंडरच्या लेखी नोंद बदललेलीच असते. फिल्टर (अट पुरी झाली नाही तर झॅप थांबवणारी पायरी) आणि पाथ्स यांची मोजणी झॅपिअर महिन्याच्या कोट्यात, म्हणजे महिन्याला मिळणाऱ्या ठरावीक कृतींत, करत नाही. टास्क अपडेट करण्याची मात्र करतं. एवढ्या एका अटीने कोटा किती वाचतो, हे महिन्याअखेरीस कळतं.

आणखी एक खाच तुम्ही आधीच भरून ठेवलीत. माणूस नोंद करतो आणि लगेच शीर्षकातली चूक सुधारतो. झॅप दोनदा धावतो. पहिल्या फेरीने शीटमध्ये ओळ लिहायच्या आत दुसरी फेरी शोधायला आली तर तिलाही काही सापडत नाही, आणि एकाच नोंदीची दोन टास्क होतात. ट्रिगरनंतर लगेच ‘डिले आफ्टर क्यू’ ही पायरी घातली की सगळ्या फेऱ्या रांगेत लागतात आणि एकामागून एक सुटतात. साधा ‘डिले फॉर’ इथे पुरत नाही, कारण तो दोन्ही फेऱ्यांना सारखाच थांबवून ठेवतो.

रद्द झालेल्या नोंदींसाठी वेगळा झॅप, ‘इव्हेंट कॅन्सल्ड’ या ट्रिगरवर. त्यात टास्क पुसून न टाकता त्याला ‘रद्द’ हे लेबल लावायचं, हा तुमचा निर्णय आम्हाला फार पटला. नोंद एका कॅलेंडरमधून दुसऱ्यात हलवली तर पहिल्या कॅलेंडरच्या दृष्टीने ती रद्दच झालेली असते. टास्क तेव्हाच पुसलं असतं, तर त्याखालच्या टिपणांनाही मुकावं लागलं असतं.

कुठल्या नोंदींची टास्क करायची, हे ठरवायला अनेक जण शीर्षकाच्या आरंभी ‘काम:’ असं लिहून त्यावर फिल्टर लावतात. तुम्ही त्याऐवजी ‘कामं’ नावाचं वेगळं कॅलेंडरच काढायला सांगितलंत. मराठीत टाइप करणाऱ्यांनी याचं कारण जपून ठेवावं: ‘काम:’ यातलं अपूर्णविरामाचं चिन्ह आणि ‘कामः’ यातला विसर्ग डोळ्यांना सारखेच दिसतात, पण संगणकासाठी ती दोन वेगळी अक्षरं आहेत. कीबोर्डने विसर्ग दिला की फिल्टर नोंद मुकाट्याने सोडून देतो आणि कुठेही चूक झाल्याचं दाखवत नाही. वेगळ्या कॅलेंडरमुळे ही शक्यताच उरत नाही. शिवाय टुडूइस्टची स्वतःची गूगल कॅलेंडर जोडणी कुणी चालू केलीच, तरी तिकडून येणाऱ्या नोंदी ‘कामं’ या कॅलेंडरमध्ये पडू दिल्या नाहीत म्हणजे झालं. नोंदीचं टास्क, टास्कची पुन्हा नोंद, असा फेरा सुरू होत नाही. जोडणी एकाच दिशेने ठेवायची, वेळ बदलायची ती कॅलेंडरमध्येच, हा नियम याच कारणासाठी.

तारखांबद्दलही दोन गोष्टी इथे लिहून ठेवतो. वेळ ठरलेल्या नोंदीत सुरुवातीची तारीख व वेळ एकत्र येते, तर दिवसभराच्या नोंदीत नुसती तारीख येते. टास्कच्या मुदतीला फक्त वेळेचा रकाना जोडला तर दिवसभराच्या नोंदींची टास्क बिनमुदतीची तयार होतात, म्हणून त्यांची वाट निराळी. आणि दिवसभराच्या नोंदीची ‘शेवटची’ तारीख कॅलेंडर नेहमी एक दिवस पुढची देतं. ५ तारखेची एका दिवसाची नोंद असेल तर शेवट ६ तारीख. मुदत म्हणून तुम्ही सगळीकडे सुरुवातीची तारीख घेतलीत, त्यामुळे हा घोळ टळला. तारीख पाठवताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे ‘२०२५-०३-०५’ या पद्धतीने. ‘०५/०३’ लिहिलं की पाच मार्च की तीन मे, हे समोरचं अ‍ॅप आपल्या मनाने ठरवतं. झॅपचा टाइमझोन वेगळा निवडता येतो, तो कॅलेंडरशी जुळतोय ना, हेही एकदा बघावं.

पुनरावर्ती नोंदी तुम्ही या जोडणीबाहेर ठेवल्यात. ‘ही आणि यापुढच्या सगळ्या’ असा बदल केला की कॅलेंडर जुनी मालिका तिथे तोडतं आणि नवी सुरू करतं. नव्या मालिकेला नवा आयडी मिळतो, आणि शीटमधल्या जुन्या ओळी निराधार होतात. दर आठवड्याची कामं टुडूइस्टमध्येच पुनरावर्ती टास्क म्हणून ठेवणं हे कितीतरी सोपं आहे.

हीच रचना मेक या झॅपिअरसारख्याच सेवेवर करायची असेल त्यांच्यासाठी: तिथे ट्रिगरची रिकामी फेरीही कोट्यात मोजली जाते. दर १५ मिनिटांनी तपासणी म्हणजे दिवसाला ९६ आणि ३० दिवसांत २,८८० फेऱ्या, एकही नोंद नसली तरी. कामाच्या तासांपुरतंच वेळापत्रक लावावं. गूगल टास्क्स वापरणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं की बाहेरून टास्क पाठवलं तर त्यात मुदतीची फक्त तारीख टिकते, वेळ गळून पडते. ती शीर्षकातच लिहावी लागते.

झॅप चालू करण्याआधीच्या नोंदी आपोआप येत नाहीत, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत आणि चाचणीसाठी पाच नोंदी आखून दिल्यात: वेळेची, दिवसभराची, पुढे ढकललेली, दुसऱ्या कॅलेंडरमध्ये हलवलेली आणि रद्द केलेली. गटात नवीन येणारा प्रत्येक जण आता हीच चाचणी करून बघतो.

आता एक कामाचं. दोन्ही झॅपची गूगल जोडणी तुमच्या खात्यातून मंजूर केलेली होती. तुमची परवानगी निघाली असती तर सगळंच थांबलं असतं, म्हणून जोडणी गटाच्या सामाईक खात्यावर घेतली, शीटची मालकीही तिकडे वळवली आणि पाचही चाचण्या पुन्हा करून बघितल्या. तेव्हा तुमच्या गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन तिथून झॅपिअरची परवानगी काढून टाकायला हरकत नाही. ती तुमच्या दुसऱ्या झॅपसाठी लागत असेल तर राहू द्या. आमच्याकडून आता कसलंच अवलंबन नाही. शीट बघण्याची मुभा तुमच्या नावाने कायम ठेवली आहे.

आपले कृतज्ञ,
नियोजन गटातले आम्ही सगळे