बेसच्या वाटेवर गेलेली झोप विश्रांतीत धरू नका

प्रति,
माननीय केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : घरापासून दूर बेस असलेल्या मालवाहू वैमानिकांचा प्रवास आणि त्यांची विश्रांती यांबाबत.

महोदय,

मी भुसावळचा रहिवासी असून गेली अकरा वर्षे मालवाहू विमाने चालवीत आहे. माझा सध्याचा बेस, म्हणजे कंपनीने नेमून दिलेले, जेथून माझी ड्यूटी सुरू होते आणि जेथे संपते ते ठिकाण, बंगळूरु आहे. संध्याकाळी एका शहरात गोळा झालेली पार्सले, औषधे आणि सुटे भाग सकाळी दुकाने उघडण्याआधी दुसऱ्या शहरात पोचवायचे असतात, त्यामुळे आमचे काम जवळजवळ सगळे रात्रीचे असते. रात्री नऊ-दहाला हजेरी, मध्यरात्रीनंतर माल चढवणे-उतरवणे आणि शेवटची लँडिंग पहाटे चार ते सहाच्या दरम्यान, असा आमचा नेहमीचा क्रम आहे. या कामाबद्दल माझी तक्रार नाही. ते मी आवडीने पत्करले आहे. मला लिहायचे आहे ते हजेरीच्या आधीच्या प्रवासाबद्दल, कारण तो तुमच्या मंत्रालयाच्या कोणत्याही कागदावर दिसत नाही.

भुसावळहून बेसवर जायचे म्हणजे आधी रात्रीच्या गाडीने ४४४ किलोमीटरवरची मुंबई गाठायची, पहाटे ठाण्याला किंवा दादरला उतरून टॅक्सीने विमानतळ, तेथून सकाळच्या विमानाने बंगळूरु. दुसरा मार्ग अजिंठ्याचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरला जाण्याचा. पण तेथे सोयीच्या वेळेचे विमान मिळेलच असे नसते. जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन २०१२ मध्ये झाले आणि २०२४ मध्ये तेथून गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई अशा छोट्या विमानांच्या फेऱ्या सुरू झाल्या, याचे आम्हा खान्देशातील लोकांना मनापासून समाधान आहे. परंतु त्यांच्या वेळा आणि माझ्या रोस्टरच्या, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाच्या, वेळा क्वचितच जुळतात. त्यामुळे घराच्या दारापासून बेसच्या दारापर्यंत माझे बारा ते पंधरा तास जातात, आणि परतताना तेवढेच.

आता नियम काय म्हणतो ते पाहू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) ८ जानेवारी २०२४ रोजी वैमानिकांच्या ड्यूटी आणि विश्रांतीच्या सुधारित मर्यादा जाहीर केल्या. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढवली आणि रात्रीच्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर आणली. १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत या मर्यादा लागू झाल्या, आणि त्यानंतरच्या डिसेंबरमध्ये देशभर उड्डाणे रद्द होऊ लागली तेव्हा त्यांतील काहींना तात्पुरती सवलत द्यावी लागली, हे आपण जाणताच. या सुधारणा चांगल्या आहेत आणि आम्ही त्यांची वाट पाहत होतो. पण त्यांत एक फट राहिली आहे. कंपनीने एका शहरातून दुसऱ्या शहरात ड्यूटीसाठी पाठवले, तर प्रवासी म्हणून बसून केलेला तो प्रवास ड्यूटीत मोजला जातो. मी माझ्या घरून माझ्या बेसवर आलो, तर तोच प्रवास, तेच आसन आणि तेवढेच जागरण विश्रांतीत मोजले जाते. बेसवर राहण्याची व्यवस्था करणे ही कंपनीची जबाबदारी नाही, असे बेसच्या व्याख्येतच गृहीत धरलेले आहे. माझ्या दोन ड्यूट्यांमधील सर्व तास मी माझ्या अंथरुणावर घालवले असे कागद मानतो, आणि त्याच आधारावर मला विमान उडवायला परवानगी देतो.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. गेल्या जुलैतील एका सोमवारी पहाटे ५.४० ला माझी ड्यूटी संपली आणि पुढची हजेरी बुधवारी रात्री ९.१५ ला होती. म्हणजे ६३ तास ३५ मिनिटे विश्रांती, नियमापेक्षा कितीतरी जास्त. सोमवारी रात्री नऊच्या सुमारास मी घरी पोचलो. मंगळवारी पहाटे सहाला उठून वडिलांना तपासणीसाठी जळगावला नेले, संध्याकाळी परतलो आणि रात्री अकरा वाजून दहा मिनिटांची गाडी धरली. आईने नेहमीप्रमाणे कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला होता. घाटात पावसाने मार्ग अडला आणि इगतपुरीच्या अलीकडे गाडी साडेतीन तास उभी राहिली. गाडी पुढे सरकते आहे की नाही याची काळजी ज्याला लागलेली असते, त्याला बर्थवर झोप कशी लागते हे रेल्वेने प्रवास करणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. सकाळचे विमान चुकले. पदरचे पैसे घालून दुपारचे तिकीट काढले आणि बंगळूरुला पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. विमानतळाजवळ देवनहळ्ळीला आम्ही चौघा वैमानिकांनी मिळून दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. त्या दिवशी शेजारच्या मोकळ्या जागेत बोअरवेल खोदण्याचे काम चालू होते आणि खिडकीची काच सारखी थरथरत होती. शेवटी कंपनीच्या क्रू रूममधील आरामखुर्चीत, दिव्यांखाली, डोळ्यांवर टोपी ओढून पडलो. चाळीस मिनिटे झोप लागली.

नियमानुसार श्वास चाचणी दिली, उड्डाणास तंदुरुस्त असल्याचे मान्य करून सही केली आणि उड्डाण केले. दुसऱ्या फेरीत पहाटे साडेचारच्या सुमारास खाली येत असताना नियंत्रकाने ७,००० फुटांपर्यंत उतरण्याची परवानगी दिली. मी ती जशीच्या तशी उच्चारून परत सांगितली आणि कॉकपिटमधील उंची निवडण्याच्या चौकटीत मात्र ६,००० लावले. माझे तोंड एक बोलत होते आणि बोटे दुसरे करीत होती. सहवैमानिकाने आकडा पाहिला, बोट ठेवले आणि म्हणाला, "सर, सात हजार." मी तो बदलला. चार वाजून पन्नास मिनिटांनी आम्ही उतरलो. पुढे काहीही झाले नाही. तेव्हा मंगळवारी पहाटे उठल्यापासून ४६ तास उलटून गेले होते आणि त्यांत फार तर पावणेचार तासांची तुटक झोप होती. कागदावर मात्र मी ६३ तास विश्रांती घेतलेला वैमानिक होतो.

त्या सहीचा दोष माझा आहे, हे मी येथे स्पष्टपणे लिहितो. थकलेल्या वैमानिकाने विमान उडवू नये असे नियम सांगतो आणि ते सांगण्याची जबाबदारी माझ्यावरच टाकतो. पण बेसवर प्रवास करून येणाऱ्या वैमानिकाने थकलो आहे असे सांगितले, की पहिला प्रश्न येतो : दोन दिवस सुट्टी होती ना, मग केले काय? त्याचा थकवा हा त्याचा खासगी मामला ठरतो. म्हणून थकव्याच्या अहवालात आमच्यासारखे वैमानिक प्रवासाचा उल्लेखच करीत नाहीत. कंपन्यांनी दर तिमाहीला थकव्याचे अहवाल महासंचालनालयाला द्यावेत अशी तरतूद नव्या नियमांत आहे. पण ज्या थकव्याचे कारण कोणी लिहीतच नाही, तो या अहवालांतून तुमच्यापर्यंत पोचणार कसा?

महोदय, माझे वडील रेल्वेत ड्रायव्हर होते. भुसावळ हे रेल्वेचे गाव आहे आणि झोप हा कामाचाच भाग असतो हे मी त्या गावात लहानपणीच पाहिले. मुख्यालयी आठ तास किंवा अधिक ड्यूटी करून परतलेल्या रनिंग स्टाफला, म्हणजे गाडीवर काम करणाऱ्या ड्रायव्हर-गार्डांना, १६ तास विश्रांती, त्याहून कमी असेल तर १२ तास, हे आमच्या चाळीतल्या पोरांनाही ठाऊक असे. वडील दिवसा झोपले की गल्लीत विटी-दांडू बंद. ड्यूटीच्या आधी कॉल बॉय वही घेऊन दारात येई, वडील त्यावर सही करीत आणि आपली पेटी उचलीत. बाहेरगावी गाडी घेऊन गेले तर तेथे विश्रांतीसाठी रनिंग रूम असे. एकदा शाळेच्या सुट्टीत मी वडिलांबरोबर इगतपुरीला गेलो होतो. त्या रनिंग रूममधील लोखंडी पलंग, धुतलेली चादर, भर दुपारी लावून घेतलेली जाड पडद्यांची खिडकी आणि स्वयंपाकघरात आपापला शिधा देऊन रांधून घेतलेली डाळ मला अजून आठवते. तेथे कोणी मोठ्याने बोलत नसे. रेल्वेने माणसाला मुख्यालय नेमून दिले तेव्हा वसाहतीही बांधल्या, आणि त्याला घराबाहेर झोपावे लागणार हे ओळखून पलंगही ठेवला. त्यांच्या मुलाला विमानासाठी बेस नेमून मिळाला, पण त्या बेसवर हजेरीआधी पाठ टेकायला एक पलंग नाही.

हा प्रश्न केवळ माझा किंवा केवळ भारताचा नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून ५० माणसे गेली. कॅप्टनच्या चुकीच्या प्रतिसादामुळे अपघात झाला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. पण त्याच चौकशीत दिसले, की त्याने बेसवरच्या क्रू रूममध्ये रात्र काढली होती आणि त्याची सहवैमानिक आदल्या रात्री सिॲटलहून मालवाहू विमानांत बसून मेम्फिसमार्गे नेवार्कच्या बेसवर आली होती. थकव्याचा वाटा नेमका किती, हे तपास यंत्रणेला ठरवता आले नाही, तरी तो असण्याची शक्यता तिने नोंदवली. त्यानंतर तेथे विश्रांतीचे नवे नियम २०१४ पासून लागू झाले. दुर्दैवाने मालवाहू वैमानिकांना त्यांतून वगळले गेले. वगळण्याचा तो निर्णय झाल्यावर, पण नियम लागू होण्याआधी, १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे अमेरिकेतीलच बर्मिंगहॅमला एक मालवाहू विमान धावपट्टीच्या अलीकडे आदळले आणि दोन्ही वैमानिक ठार झाले; त्या चौकशीतही थकव्याची नोंद आहे. युरोपच्या मार्गदर्शक सूचनांत, घरापासून बेसपर्यंतचा प्रवास नेहमी ९० मिनिटांहून जास्त होत असेल तर बेसजवळ तात्पुरत्या निवासाचा विचार करावा, असे वैमानिकाला सांगितलेले आहे. आपल्याकडे २२ मे २०१० च्या मंगळूरच्या अपघातात १५८ माणसे मृत्युमुखी पडली आणि कॅप्टनच्या गाढ झोपेचा आवाज कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात सापडला. तो प्रवास बेसवर येण्याचा नव्हता, हे मला माहीत आहे. पण पहाटेच्या त्या तासांत अपुरी झोप माणसाचे काय करते, हे समजण्यासाठी आपल्याला परदेशात जाण्याची गरज नाही.

"मग बंगळूरुला घर का करीत नाही?" असे आपले अधिकारी विचारतील, आणि प्रश्न रास्त आहे. माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिची बदली रावेरला होऊ शकते, यावलला होऊ शकते, कर्नाटकात होऊ शकत नाही. वडिलांना अर्धांगवायू झाल्यापासून ते आणि आई माझ्यावर अवलंबून आहेत. आणि मुख्य म्हणजे बेस कायमचा नसतो. अकरा वर्षांत माझा बेस तीनदा बदलला. विमाने ज्या मार्गांवर लागतील तेथे बेस हलतो, तसे कुटुंब हलवता येत नाही. शिरपूर आणि धुळ्याच्या धावपट्ट्यांवर आज वैमानिक घडत आहेत. त्यांत आमच्या भागातील मुलेही आहेत. त्यांच्यापैकी कोणाचाही बेस खान्देशात असणार नाही. म्हणून हा प्रश्न वाढतच जाणार आहे.

माझी पहिली विनंती अशी, की प्रत्येक मालवाहू बेसवर हजेरीपूर्वी आणि ड्यूटी संपल्यावर झोपण्याची खरी सोय असणे कंपनीला बंधनकारक करावे. खरी सोय म्हणजे स्वतंत्र, अंधार करता येईल अशी, शांत खोली आणि आडवे होता येईल असा पलंग; खुर्ची नव्हे. मालवाहू बेसवर एका वेळी असलेल्या वैमानिकांची संख्या मर्यादित असते, त्यामुळे याचा खर्च एखाद्या कंपनीला झेपणार नाही असा मुळीच नाही. ज्याचे घर नियमित दूर आहे असे त्याने लेखी कळवले आहे, त्याला रात्रीच्या पहिल्या ड्यूटीच्या निदान आठ तास आधी तेथे पोचून झोपता येईल अशा बेताने रोस्टर लावावे.

रोस्टरबाबत आणखी एक गोष्ट अगदी बिनखर्ची आहे. दोन दिवस ड्यूटी, दोन दिवस सुट्टी, पुन्हा तीन दिवस ड्यूटी, असे तुकडे केले की दूर राहणाऱ्या वैमानिकाची प्रत्येक सुट्टी गाडीतच संपते. तेच दिवस एकत्र करून सलग ड्यूटी आणि सलग सुट्टी दिली, तर महिन्यात चार वेळा होणारा प्रवास एक-दोन वेळांवर येतो. यासाठी नियम बदलण्याचीही गरज नाही. दूरच्या वैमानिकाने मागितल्यास असे रोस्टर द्यावे, नाकारल्यास कारण लेखी द्यावे, एवढी सूचना महासंचालनालयाने काढली तरी पुरेल.

आणि प्रवासाची नोंद. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २०११ मध्ये वैमानिकांच्या या प्रवासाचा अभ्यास केला तेव्हा, अंतराची मर्यादा घालण्याइतकी माहितीच उपलब्ध नाही, असे तिला आढळले. तिने माहिती गोळा करण्यावर भर दिला. आपण तेथूनच सुरुवात करावी. थकव्याच्या अहवालात "हजेरीपूर्वीच्या २४ तासांत केलेला प्रवास" असा एक रकाना घालावा, आणि तो भरणाऱ्यावर कारवाई होणार नाही, त्याची रजा कापली जाणार नाही, त्याची पदोन्नती अडणार नाही, हे त्याच अहवालावर छापावे. प्रवासाचे अंतर ठरवून बंदी घालण्याची मागणी मी करीत नाही. तशी बंदी आली तर लोक पत्ते लपवतील आणि थकवा आणखी खोल दडेल.

वडील ड्यूटीची वही ठेवत. त्यांचे पाहून मीही लॉगबुकाशेजारी एक वही ठेवतो, ज्यात घरून निघाल्याची वेळ, गाडी, उशीर, विमान, पोचल्याची वेळ आणि मिळालेली झोप लिहिलेली आहे. त्या जुलैतील बुधवारच्या पानावर ७,००० आणि ६,००० हे दोन्ही आकडे मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहेत. महासंचालनालयातील ज्या अधिकाऱ्याला ही वही पाहायची असेल, त्याच्यासमोर मी ती दिल्लीला येऊन ठेवीन आणि त्यातील प्रत्येक ओळीला उत्तर देईन.

आपला विश्वासू,
भुसावळ येथील एक मालवाहू वैमानिक