गुडघ्यातल्या मूळ पेशी आणि अडीच लाखांची पावती

संपादक महोदय,

वर्तमानपत्राच्या घडीतून येणाऱ्या पत्रकांत क्लासेस आणि पेस्ट कंट्रोलच्या जोडीला हल्ली ‘स्टेम सेल थेरपी’नेही, म्हणजे शरीरातल्या इतर पेशी ज्यांच्यापासून तयार होतात त्या मूळ पेशींच्या उपचारानेही, जागा पटकावली आहे. आमच्या नायगावच्या ज्येष्ठ नागरिक संघात अशाच एका क्लिनिकचे ‘मोफत मार्गदर्शन शिबिर’ झाले. रक्तदाब, साखर फुकट तपासून झाली, चहा-बिस्किटे झाली आणि मग टाय लावलेल्या एका तरुणाने पडद्यावर गुडघ्यांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो दाखवले. ‘‘काका, ऑपरेशनची भानगडच नको. तुमच्याच पोटावरची चरबी काढायची, त्यातल्या पेशी गुडघ्यात सोडायच्या. वय दहा वर्षांनी मागे जातं ते वेगळंच!’’ दोन्ही गुडघ्यांचे अडीच लाख, त्याच दिवशी नाव नोंदवल्यास पन्नास हजारांची सूट. बिनलिफ्टच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांना मोह पडणारच.

मूळ पेशींचे शास्त्र थोतांड नाही. इथून जवळच, परळच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले, तोही मूळ पेशींचाच उपचार. दीर्घायुष्याच्या गप्पांना खरा जोर आला तो जपानच्या शिन्या यामानाका यांच्यामुळे. त्यांनी २००६ मध्ये चार जनुकांच्या साहाय्याने उंदराच्या प्रौढ पेशींना गर्भातल्या पेशींसारखे केले आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण हीच जनुके जिवंत उंदराच्या शरीरात मोकाट सोडली की गाठी होतात, हे शिबिरात कोण सांगणार? मूळ पेशींनी माणसाचे आयुष्य वाढल्याचा पुरावा आजवर कुणी दिलेला नाही. उलट फ्लोरिडात चरबीतल्या पेशी डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन महिलांची दृष्टी गेल्याचे २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे नियम नाहीत असेही नाही. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, रक्ताचे ठरावीक आजार वगळता मूळ पेशींचा वापर केवळ मंजूर चाचणीतच (क्लिनिकल ट्रायलमध्येच) करता येईल आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येणार नाहीत. म्हणजे अडीच लाखांची पावती फाडली की इथे रीतसर चाचणी चाललेली नाही, हे क्लिनिकने स्वतःच्या सहीशिक्क्यानिशी लिहून दिल्यासारखेच आहे. अन्न व औषध प्रशासनाला आणखी कोणता पुरावा हवा?

आमच्या संघाने सभागृह देण्याआधी चाचणीचा सीटीआरआय (देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सची नोंदवही) नोंदणी क्रमांक लेखी मागायचे ठरवले आहे. क्रमांक आहे म्हणून उपचार सिद्ध झाला असे नव्हे, पण ती नोंद इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते आणि निदान खोटे बोलणारा तिथेच अडकतो. आपणही हाच दंडक आपल्या जाहिरात विभागाला लावावा. आणि अंकात पत्रके घालणाऱ्या विक्रेत्यांनाही तशी सूचना द्यावी, कारण घरातली वडीलधारी मंडळी छापील अंक आणि त्यातले पत्रक यांत फरक करत नाहीत.

– एक ज्येष्ठ वाचक, नायगाव, दादर (पूर्व), मुंबई