त्याच्या शेजारी जाऊन बस

चि. बाळास अनेक आशीर्वाद. जय ख्रिस्त.

तुझा मेसेज वाचला. शिबिराच्या वर्गणीतले पैसे तुझ्या मित्राने स्वतःसाठी खर्च केले, तरुण संघातलं कुणी आता त्याच्याशी बोलत नाही, उपासनेत तो शेवटच्या बाकावर बसतो आणि आशीर्वादाआधीच उठून जातो, असं तू लिहिलंस. हिशेबाचं काम त्याच्याकडून काढून घेतलं ते योग्यच झालं. पण बोलणं टाकायचं कशाला? तूही टाकलंस, याचं मला फार वाईट वाटलं.

बायबलमधल्या, पहिल्या ख्रिस्ती मंडळीतल्या बर्णबाची आठवण झाली. दिमिष्काहून शौल, म्हणजे पुढचा पौल, यरुशलेमेत आला तेव्हा येशूचे सगळे शिष्य त्याला भीत होते. का भिऊ नयेत? याच माणसाने घरोघरी शिरून बायापुरुषांना फरफटत तुरुंगात घातलं होतं. बर्णबा त्याला घेऊन प्रेषितांकडे गेला. वाटेत प्रभूने याला कसं दर्शन दिलं, दिमिष्कात हा येशूच्या नावाने कसा बेधडक बोलला, सगळं त्याने सांगितलं. म्हणजे आधी शौलाजवळ बसून त्याने ते ऐकून घेतलं असणार. इतरांनी ऐकलंच नव्हतं. पुढे अंत्युखियात मंडळी वाढली, तेव्हा हाच बर्णबा तार्सास जाऊन शौलाला शोधून घेऊन आला.

मग मार्क. बर्णबा आणि पौल सुवार्ता सांगत फिरले, त्या पहिल्या फेरीत तो पंफुल्यातूनच माघारी फिरला. दुसऱ्या फेरीला पौल म्हणाला, याला न्यायचं नाही. पौलाचंही मला पटतं, अर्ध्यात सोडून जाणाऱ्याच्या भरवशावर एवढं काम कसं काढायचं? दोघांचं इतकं बिनसलं की वाटाच वेगळ्या झाल्या. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. मार्क त्याचा नातलग होता, म्हणून त्याची बाजू घेतली असं कुणी म्हणेल. पण शौल त्याचा कोण लागत होता? वर्षांनी पौलाने तुरुंगातून आपल्या सोबत्याला, तीमथ्याला लिहिलं, मार्काला सोबत घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. कुप्राची ती वाट बर्णबाने धरली नसती तर पौलाला हे लिहायला मार्क उरला असता का, मला शंका आहे.

येत्या रविवारी तू त्याच्याच बाकावर बस. तो उठला तर तूही ऊठ आणि त्याच्यासोबत बाहेर जा. लगेच पैशांचं काढू नकोस, आधी घरचं विचार, जेवलास का विचार. मग मात्र स्पष्ट बोल. मित्राने केलेले घाव खरेपणाचे असतात, असं नीतिसूत्रांत आहे. त्याला पाठीशी घालू नकोस, चारचौघांत पाणउताराही करू नकोस. दोघं मिळून पाळकांकडे जा, महिन्याला किती फेडायचं ते त्यांच्यासमोर ठरवा. तुझ्या खिशातून परस्पर भरून टाकू नकोस, ते त्यालाच फेडू दे.

संघातली मुलं तुलाही नावं ठेवतील. ठेवू देत. नाताळच्या सुट्टीत येताना त्यालाही घेऊन ये. करंज्या करायला यंदा हात कमीच आहेत.

तुझी,
आई