रत्नागिरीच्या जुन्या साप्ताहिकांचे अंक हवे आहेत

सप्रेम नमस्कार.

हरी नारायण लिमये यांनी १८७१ साली रत्नागिरीत ‘सत्यशोधक’ साप्ताहिक सुरू केले. पुढे ‘बलवंत’ निघाले. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर इथे स्थानबद्ध होते. तेव्हाची सहभोजने, अस्पृश्यतेवरून पेटलेले वाद, १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी बांधून दिलेले पतितपावन मंदिर, यांची चर्चा गावच्या या पत्रांतून आठवड्याच्या आठवड्याला होत होती.

लोकमान्यांचे जन्मघर टिळक आळीत आहे. थिबा राजाचा राजवाडा पाहायला लांबून माणसे येतात. टिळक, फुले, आंबेडकर, शाहू महाराज यांची चरित्रे लिहिणारे धनंजय कीर इथलेच. ही नावे पुसली जाणार नाहीत, त्यांची काळजी नको. काळजी आहे ती बाकीच्यांची. भर पावसात तरीतून खाडीपल्याड रोगी बघायला जाणारे डॉक्टर, तीन-तीन पिढ्यांना इंग्रजी शिकवणारे मास्तर, पदरमोड करून नाटके उभी करणारे दुकानदार, नळाच्या पाण्यासाठी नगरपालिकेत भांडणारे सभासद, आळीतल्या निम्म्या पोरांना जगात आणणारी सुईण. यांची चरित्रे कोण लिहिणार? त्यांच्याबद्दल छापलेले असे काही असेल तर ते गावच्या साप्ताहिकातच: चार ओळींचा मृत्युलेख, सत्काराची बातमी, निवडणुकीचा निकाल. आमच्या मते गावाचा खरा इतिहास हाच आहे, आणि तो कुठल्याही पुस्तकात नाही.

आता तो हातातून निसटतो आहे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, मुळातच अल्पायुषी. त्यात आपली दमट हवा. अलीकडेच एका घरच्या पेटाऱ्यातून गठ्ठा निघाला. वरचे अंक बरे होते, पण मधले घडीवरच तुटले, कडांचा भुगा बोटांना लागला आणि कसरीने मथळ्यातली अक्षरे अर्धी खाल्लेली. मुरंब्याच्या बरण्यांखाली, फडताळाच्या तळाशी अंथरलेला कागदही टाकू नका, त्यातही एखादे पान मिळते.

म्हणून विनंती. माळे, पेटारे, ट्रंका एकदा उघडून बघा. रत्नागिरीतून निघालेल्या कोणत्याही पत्राचा अंक, कात्रण, दिवाळी अंक, काहीही चालेल. गिरगाव, दादर, डोंबिवलीला स्थायिक झालेल्या रत्नागिरीकरांनी तर जरूर पाहावे, कारण कित्येकांच्या आजोबांना गावचे पत्र टपालाने मुंबईला जायचे. परदेशी असाल तर गावच्या घराची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगा. अंक कायमचा द्यायचा नसेल तर नका देऊ. छायाप्रत काढून मूळ अंक जसाच्या तसा परत करू, नेताना लेखी पोच देऊ. एक मात्र करा: फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, उन्हात वाळवू नका. स्वच्छ सुती कापडात सपाट गुंडाळून ठेवा, बाकीचे आम्ही बघतो.

पैसेही लागणार आहेत. मोठी पाने न दुमडता टिपणारे यंत्र, आम्लविरहित कागदाची खोकी, दमटपणा शोषून घेणारे उपकरण, हा मुख्य खर्च. शंभर रुपये दिलेत तरी पावती मिळेल, आणि जमाखर्च सर्वांना पाहायला खुला राहील. ज्यांना पैसे शक्य नाहीत त्यांनी वेळ द्यावा. जुन्या छपाईचा मजकूर वाचून नावांची सूची करायची आहे. निवृत्त शिक्षकांनी आणि मोडी येणाऱ्यांनी तर हमखास यावे, कारण समासांत मोडीतल्या नोंदी सापडतात. जुन्या मंडळींना वाचून दाखवले की ‘हा तर अमक्याचा चुलता’ असे पटकन निघते. ती ओळखही आम्हाला टिपून घ्यायची आहे.

हे पत्रक ज्यांनी आपल्या हाती दिले त्यांनाच निरोप द्या, आमचा माणूस घरी येऊन अंक घेऊन जाईल. मृग लागायच्या आत माळे उतरवावेत, एवढी घाई करा. आणखी एक पावसाळा त्या कागदांना झेपणार नाही.

आपले,
अंक जतनाच्या कामातले रत्नागिरीकर कार्यकर्ते