मालकी रानातला वणवा : जमीनधारक, बागायतदार आणि मुंबईकर ग्रामस्थांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की सड्यावरचं (कातळाच्या पठारावरचं) आणि डोंगरउतारावरचं गवत पिवळं पडायला लागतं. डिसेंबरअखेर ते इतकं वाळतं की विडीचं एक थोटूक पुरतं. वनविभागाच्या लेखी वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. आपल्याकडच्या गवताळ उतारांवर मात्र तो दीड-दोन महिने आधीच सुरू होतो. म्हणून हे पत्र आत्ता, नोव्हेंबरात.

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फार थोडं. खेड, चिपळूण, संगमेश्वरच्या घाटपायथ्याला जो झाडोरा दिसतो, त्यातला बहुतेक तुमच्या-आमच्या सातबाऱ्यावरचा आहे. वनविभाग जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळ्या केलेल्या पट्ट्या) काढतो त्या त्याच्या स्वतःच्या हद्दीच्या. मालकी रानात त्या कोणी काढत नाही, आणि वणवा सुरू होतो तो बहुतेक वेळा अशाच रानात, वर्षानुवर्षं न बेणलेल्या, म्हणजे गवत-झुडपं न कापलेल्या, तुकड्यात. मालक मुंबईला, पुण्याला; जागेत कमरेएवढं गवत, त्यात घाणेरीची जाळी. शेजारच्याने आपली कलमं कितीही निगुतीने राखली, तरी आग गडग्यापर्यंत (हद्दीच्या दगडी बांधापर्यंत) अशाच तुकड्यातून येते. या जागांच्या मालकांकडे आम्हाला, म्हणजे ग्रामपंचायतीला आणि वणवा प्रतिबंध समितीला, तीन गोष्टी मागायच्या आहेत : हद्दीची पट्टी, एक संमतीपत्र, आणि एकरी ३०० रुपये किंवा एक दिवसाचं श्रमदान.

पट्टी किती रुंद, कशी?

सपाट जागेत हद्दीलगत किमान ३ मीटर, उताराच्या खालच्या अंगाला ६ मीटर. चौरस एक एकराची हद्द साधारण २५४ मीटर भरते; ३ मीटर पट्टीला साडेसात गुंठ्यांच्या आसपास जागा लागते. हे जास्त वाटतं, पण गडग्याच्या दोन्ही बाजूंच्या मालकांनी तीन-तीन मीटर काढले की सहा मीटरची पट्टी आपोआप होते. एकाने काढली आणि दुसऱ्याने नाही, तर तीन मीटर ओलांडायला दुपारच्या वाऱ्यात आगीला काहीच वेळ लागत नाही.

खालच्या अंगाला दुप्पट का, ते समजून घ्या. आग चढाला लागली की ज्वाळा उताराकडे झुकतात आणि वरचं गवत पेटण्याआधीच शेकून निघतं. जगभर वापरात असलेला ठोकताळा असा, की उतार दर १० अंशांनी वाढला की आगीचा चढण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे २० अंशांच्या उतारावर चौपट. त्या वेगापुढे माणूस चढ धावत जाऊन वाचत नाही, हेही याच हिशेबातून येतं.

नुसतं गवत कापून पट्टी होत नाही. कापलेलं गवत तिथेच पडून राहिलं तर ते उभ्या गवतापेक्षा लवकर पेटतं. ते उचलून गुरांना घाला किंवा गंजी घाला, पण गंजी घरापासून आणि गोठ्यापासून निदान ५० फुटांवर असू द्या. मग पट्टीची जमीन फावड्याने खरवडून माती उघडी करा. गडग्यावर वाढलेल्या वेली आणि दगडांच्या फटीतलं गवतही काढावं लागतं. गडगा आग अडवतो हे खरं, पण त्याचा माथा स्वच्छ असेल तरच. वाळक्या वेली असतील तर तोच आगीचा साकव होतो. आणि सगळ्यात जास्त चुकतं ते पुढे : डिसेंबरात काढलेली पट्टी फेब्रुवारीत साग, ऐन, किंजळीच्या पातेऱ्याने (गळलेल्या वाळक्या पानांनी) भरून जाते. दर पंधरा दिवसांनी ती झाडावी लागते. एकदा काढून विसरलेल्या पट्टीवरून आग पातेऱ्यावर बसून पलीकडे जाते.

रुंद जाळरेषा, म्हणजे गावाच्या डोक्यावरची, समिती काढणार आहे. पद्धत अशी : समांतर दोन पट्ट्या, प्रत्येकी दीड मीटरच्या, मातीपर्यंत खरवडायच्या. कापलेलं सगळं मधल्या भागात टाकायचं, आठ-दहा दिवस वाळू द्यायचं, आणि मग मधला भाग जाळायचा. पेटवायचं नेहमी वरच्या टोकाकडून, म्हणजे आग उतार उतरत हळू जळते. वेळ संध्याकाळी पाचनंतरची. घाटपायथ्याला सकाळी वारा पूर्वेकडून उतरतो आणि दुपारी खारा वारा सुटला की दिशा उलटी होते. सकाळी वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवलेली आग दुपारी मालकाच्याच अंगावर येते ती यामुळे. संध्याकाळी खारा वारा पडत आलेला असतो आणि पुढे रात्रीची दमट हवा मदतीला असते. वनरक्षकाला आधी कळवल्याशिवाय आणि दहा माणसं हजर असल्याशिवाय कोणीही आपल्या मनाने जाळरेषा पेटवू नये, ही कळकळीची विनंती.

बागेत

कलमाच्या बुंध्याभोवती निदान एक मीटर पातेरा नको. आच्छादन घालायचं असेल तर ते त्या वर्तुळाबाहेर. कलमाची साल तापली की झाड लगेच मरत नाही. दोन-तीन महिन्यांनी फांद्या वाळायला लागतात, आणि तोवर लोक म्हणत असतात की झाड वाचलं. काजूच्या बागेत धोका अधिक आहे. काजूचा पातेरा जाड आणि चिवट असतो, बोंडं वेचून टाकलेल्या जागी बिया राहिल्या असतील तर टरफलातलं तेल भडकतं. हंगामात वेचणी झाली की पातेरा ओळींच्या मधे ओढून खड्ड्यात घाला. ठिबकच्या नळ्या आणि ग्रॅव्हिटीच्या पाण्याचे काळे पाइप उघड्यावर असतील तर त्यांच्या दोन्ही बाजूंनी फूटभर जागा खरवडा, शक्य तिथे पाइप मातीखाली घ्या. डोंगरातल्या झऱ्यापासून वाडीपर्यंत आलेला पाइप एका जागी वितळला तरी अख्ख्या वाडीचं पाणी तुटतं, आणि तेही नेमकं एप्रिल-मे महिन्यात.

बागेवरून विजेची तार जात असेल तर तिला भिडणाऱ्या फांद्या स्वतः तोडू नका. महावितरणला लेखी कळवा, वीजपुरवठा बंद करून घ्या, मगच छाटणी.

भाजावळ

भाजावळ, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं, बंद करा असं आम्ही म्हणत नाही. नाचणीचा आणि भाताचा तरवा (लावणीची रोपं) राबावर, म्हणजे अशा भाजलेल्या जागेवर, पोसतो हे सगळ्यांना माहीत आहे. ज्यांना जमेल त्यांनी गादीवाफ्यावर शेणखत घालून न भाजता रोपं काढावीत. ज्यांना राब हवाच, त्यांनी एवढं पाळावं : राबाभोवती दोन मीटर जागा खरवडलेली असावी, कवळ (तोडलेल्या पानाळ फांद्या), शेण, गवत अंथरून झाल्यावर वरून बारीक मातीचा थर द्यावा, पेटवताना वारा ज्या दिशेला जातो त्या टोकाकडून पेटवावं, म्हणजे आग धावत नाही, धुमसत जाते. वेळ संध्याकाळची. दोन माणसं आणि भरलेल्या दोन कळशा जवळ. दुपारी पेटवलेल्या राबातली शेणाची ठिणगी वाऱ्यावर उडून गवतात पडते. सकाळी पुन्हा जाऊन कडेची ढेकळं हाताच्या मागच्या बाजूने चाचपा; ऊब लागली तर पाणी टाका. शेणी आणि जुना ओंडका वरून राखेने झाकलेला असला तरी आत दिवसभर जिवंत राहतो.

जाळल्याने गवत चांगलं येतं, ही समजूत अजून घट्ट आहे. जळालेल्या जागी हिरवे कोंब लवकर दिसतात हे खरं, कारण वरचं वाळलेलं गवत जाऊन ऊन थेट मुळाशी पोचतं. पण गवतातला नत्र धुराबरोबर निघून जातो, जूनच्या पहिल्या सरींत राख आणि उघडी माती वहाळात जाते, आणि दरसाल जाळलेल्या उतारावर जे गवत टिकतं ते मुख्यतः कुसळी, म्हणजे टोचऱ्या कुसळांचं गवत. एकदा कुसळ आली की गुरं त्याला तोंड लावत नाहीत.

कायदा काय सांगतो?

भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनाला आग लावणं, किंवा वन धोक्यात येईल अशा रीतीने आग पेटती सोडणं हा गुन्हा आहे. कैद, दंड आणि वर नुकसानभरपाई. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे जी गावाने लक्षात ठेवावी : राखीव वनात आग मुद्दाम किंवा घोर हलगर्जीपणाने लागली, तर शासन त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ थांबवू शकतं. लावतो एक, गुरं उपाशी राहतात सगळ्यांची. कलम ७९ प्रमाणे वनात चराईचा किंवा वनोपजाचा हक्क असलेल्या माणसावर आगीची खबर देण्याची, ती विझवण्याची आणि जवळची आग वनात पसरू न देण्याची जबाबदारी आहे. वरच्या अंगाला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. अभयारण्याला आग लावायला किंवा ते धोक्यात येईल अशी आग पेटती ठेवायला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३० ने मनाई आहे.

आणि आग फक्त मालकी जागेत असली तरी सुटका नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ प्रमाणे आपल्या ताब्यातल्या आगीने माणसाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणं हाही गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, २००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुकसान करण्याच्या हेतूने आग लावली तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते.

संमतीपत्राबद्दल

गावाच्या डोक्यावरची जाळरेषा अनेकांच्या मालकी जागांतून जाणार आहे. मुंबईकरांना वाटणारी भीती आम्हाला ठाऊक आहे : आज पट्टी, उद्या पाणंद, परवा रस्ता. म्हणून मसुद्यात स्पष्ट लिहिलं आहे की संमती एका हंगामापुरती, १ डिसेंबर ते १५ जून. एकही झाड तोडलं जाणार नाही. कापलेलं गवत मालकाचं. आणि या पट्टीमुळे कोणालाही वहिवाटीचा हक्क मिळणार नाही. पत्रावर गट नंबर, हिस्सा नंबर आणि पट्टीची लांबी-रुंदी लिहा. सातबाऱ्यावर वीस नावं असतील तर जो वहिवाटदार आहे त्याची सही आणि बाकी सहहिस्सेदारांना कळवल्याची नोंद पुरेशी धरू. पण एकाही सहहिस्सेदाराचा लेखी विरोध असेल तर त्या जागेत पाऊल टाकणार नाही. मग तिथे रेषा तुटेल, आणि तुटलेली रेषा म्हणजे उघडं दार. भावकीतले जुने वाद या एका कागदापुरते बाजूला ठेवा.

सामान आणि माणसं

समितीला लागणारं सामान असं : आग झोडपायचे ३० बीटर (सहा फुटी बांबूला दीड फुटी जुन्या टायरची किंवा कॅनव्हासची पट्टी, बोल्टने आवळलेली, नुसत्या सुतळीने बांधलेली तापल्यावर सुटते), १६ लिटरचे सहा पाठीवरचे पंप, दोन पेट्रोल ब्लोअर (हवेचा झोत मारणारी यंत्रं), १२ डोक्याला लावायच्या बॅटऱ्या, दाताळी आणि फावडी प्रत्येकी १०, चामडी बुटांचे १५ जोड. जुना फवारणी पंप देणार असाल तर तीनदा धुऊन द्या. कीटकनाशकाचा अंश आगीवर पडला की विषारी धूर होतो. रबरी गमबूट देऊ नका, ते तापून पायाला चिकटतात.

ज्यांच्याकडे पिकअप आहे त्यांनी फेब्रुवारी ते मे आलटून पालटून एक आठवडा ती गावात उभी ठेवावी. त्यावर ५०० लिटरची टाकी पूर्ण भरून, पट्ट्यांनी आवळून ठेवायची. हजार लिटरची टाकी अर्धी भरली तर वळणावर पाणी हेलकावतं आणि गाडी उलटायचा धोका असतो.

प्रत्येक वाडीतून दोन राखणदार हवेत, दुपारी १२ ते ६. त्यांची मजुरी हाच या निधीतला सर्वांत मोठा खर्च आहे आणि तो वाचवता येणार नाही. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश मोफत येतो, त्यासाठी नावं नोंदवून घ्या. पण गवताची आग तासा-दोन तासांत डोंगर संपवते, आणि उपग्रह ठरलेल्या वेळीच वरून जातो. गावाला डोळेच लागतात.

विझवायला येणाऱ्यांनी सुती कपडे घालावेत, टेरिकॉट किंवा नायलॉन नको. प्रत्येकाबरोबर तीन लिटर पाणी. आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहू नका. जळून काळ्या झालेल्या बाजूने आत शिरा, आगीच्या शेपटाकडून आणि कडांनी पुढे सरका. अंगावर आली तर परत काळ्यात या. बीटर उंच उगारू नका, ठिणग्या उडतात. दाबा, ओढा, पुन्हा दाबा. गुडघ्याच्या वर ज्वाळा असतील तिथे ब्लोअर चालवू नका, तो आगीला वाराच घालतो. ब्लोअरमध्ये पेट्रोल भरायचं ते यंत्र थंड झाल्यावर आणि आगीपासून लांब. विजेच्या तारेखालची आग पुरवठा बंद झाल्याशिवाय विझवू नका. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका.

धूर दिसला की वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, नाहीतर ११२. सांगताना गाव, वाडी, गट आणि आग चढाला आहे की उताराला एवढं सांगा. पेटवणाऱ्याचं नाव माहीत असेल तर तेही सांगा. ते गुप्त ठेवू.

३० नोव्हेंबरपर्यंत संमतीपत्रं ग्रामपंचायत कार्यालयात किंवा आपल्या वाडीच्या समिती सदस्याकडे द्यावीत. वर्गणीची छापील पावती घ्या. पावतीशिवाय कोणाच्याही हातात पैसे देऊ नका. मुंबईकर मंडळींनी आपल्या मंडळामार्फत एकत्र पाठवले तरी चालतील, सोबत गट नंबरांची यादी जोडावी. श्रमदान डिसेंबरातल्या चारही रविवारी, सकाळी ७ ते ११, सुरुवात गावाच्या वरच्या वाडीपासून. येताना आपला कोयता आणि विळा आणावा, धार लावून. जमा-खर्च जूनमधल्या ग्रामसभेत वाचून दाखवला जाईल.

आपले,
ग्रामपंचायत आणि वणवा प्रतिबंध समिती